सेरेब्रल पाल्सी: ऑपरेशननंतर मूल चालेल का, आणि हे कधी ठरवायचं?

सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर आलेली मर्यादा. त्यात ऑपरेशनचा विषय निघाला की पालक पहिल्यांदा विचारतात, "चालेल ना हो?" याचं बरंचसं उत्तर मुलाच्या जीएमएफसीएस स्तरातच असतं, म्हणजे मूल स्वतःहून किती हालचाल करू शकतं याच्या पाच पायऱ्यांपैकी ते कुठल्या पायरीवर आहे त्यात. पहिल्या स्तरावरचं मूल आधाराशिवाय चालतं, तिसऱ्या स्तरावरचं काठी किंवा वॉकर धरून चालतं आणि पाचव्यावरच्याला मान सावरणंही जड जातं. हाडांवरच्या किंवा स्नायूंवरच्या शस्त्रक्रियेने हा स्तर सहसा बदलत नाही, कारण मेंदूतली इजा आहे तशीच राहते. बदलतं ते वेगळं: टाच टेकते, गुडघा सरळ होतो, स्प्लिंट नीट बसतं, दुखणं कमी होतं. हे फार मोलाचं आहे. पण वॉकर सुटेल या आशेवर ऑपरेशन करून घेतलं, तर ते चांगलं होऊनही घरात निराशाच येते.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते चवड्यांवर चालणाऱ्या लहान मुलाच्या टाचेची शीर, म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेला जोडणारा जाड दोर, घाईने लांब केल्यामुळे. त्याआधी एक साधी तपासणी झालीच पाहिजे. मुलाला उताणं झोपवायचं, गुडघा सरळ ठेवायचा, पाऊल किंचित आत वळवून वर ढकलायचं आणि घोटा कुठवर येतो ते पाहायचं. मग गुडघा काटकोनात वाकवून तेच पुन्हा करायचं. वाकवल्यावर पाऊल सहज वर येत असेल, तर आखडलाय तो पोटरीचा फक्त वरचा स्नायू. अशा वेळी सैल करायचं तेही वरच. खालच्या जाड शिरेला हात लावायचा नाही. ती शीर गरजेपेक्षा लांब झाली, की उभं राहताना नडगी मागे धरून ठेवणारा खोलवरचा स्नायू कमजोर पडतो. सुरुवातीला टाच टेकलेली पाहून सगळ्यांना बरं वाटतं. पुढे उंची आणि वजन वाढतं, नडगी पुढे कलते, गुडघे वाकू लागतात आणि मूल बसल्यासारखं चालायला लागतं. दोन्ही पायांवर परिणाम असलेल्या मुलांत हा धोका जास्त असतो. गेलेली ताकद परत आणणारं ऑपरेशन नाही, म्हणून इथे थोडं कमी केलेलं परवडतं, जास्त केलेलं नाही.

दर वाढदिवसाला एक ऑपरेशन, अशा पद्धतीला मुलांचे अस्थिशल्यविशारद मर्सर रँग यांनी 'बर्थडे सिंड्रोम' म्हटलं होतं. आता बोटॉक्स (ताठर स्नायू सैल करणारं इंजेक्शन), प्लास्टर आणि स्प्लिंट यांवर लहानपण निभावून नेतात. मग साधारण 6 ते 12 वर्षांच्या दरम्यान, शक्य असेल तिथे गेट अ‍ॅनालिसिस (चालण्याचं यंत्रांनी केलेलं मोजमाप) करून, खुबा, गुडघा आणि घोटा यांचं जे काही करायचं ते एकाच वेळी करतात.

यानंतरचं वर्ष कठीण जातं आणि हे आधी स्पष्ट सांगितलं जात नाही. स्नायूंची ताकद घटते. तिसऱ्या महिन्यात मूल ऑपरेशनपूर्वीपेक्षा वाईट चालत असेल, तर ते अपेक्षितच आहे. अशा एकत्रित ऑपरेशनच्या, 2011 साली मेलबर्नच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत 19 मुलं होती. चालण्याची ढब वर्षभरात स्पष्ट सुधारली, पण हालचालींच्या क्षमतेतला फरक दिसायला दोन वर्षं लागली. म्हणून सहाव्या महिन्यात निकाल लावू नका आणि फिजिओथेरपी तर मुळीच थांबवू नका. तुलनेसाठी ऑपरेशनपूर्वी समोरून आणि बाजूने चालण्याचा व्हिडिओ काढून ठेवा. मूल 5, 50 आणि 500 मीटर अंतर कशाच्या आधाराने जातं, तेही लिहून ठेवा.

प्लास्टरच्या दिवसांत टाचेकडे लक्ष हवं. उशी पोटरीखाली ठेवा, टाच अधांतरी राहू द्या. नाहीतर आत जखम होते आणि वास येईपर्यंत पत्ता लागत नाही. मांडीमागचे स्नायू सैल केल्यावर पायात आग होत असेल, स्पर्श सहन होत नसेल किंवा बोटं वर उचलता येत नसतील, तर नस (संवेदना वाहून नेणारी नर्व्ह) ताणली गेलेली असू शकते. अशा वेळी सरळ ठेवलेला गुडघा थोडा वाकवू द्यावा लागतो; लगेच सर्जनला कळवा. बोलू न शकणाऱ्या मुलाचं रडणं 'सवयीचं' समजू नका. प्लास्टर निघाल्यावर हाडं ठिसूळ झालेली असतात, म्हणून उचलताना पाय पिरगळू देऊ नका.

चौथ्या-पाचव्या स्तरावरच्या मुलांसाठी मोजपट्टीच वेगळी: बसता येतं का, डायपर बदलताना दुखतं का. तिथे मुख्य प्रश्न खुब्याचा असतो. सेरेब्रल पाल्सीच्या सुमारे तिघांत एका मुलाचा खुबा सरकतो. पाचव्या स्तरावर दहांत नऊ जणांचा. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून ठरावीक काळाने एक्स-रे लागतोच. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीतून 30 टक्क्यांपेक्षा जास्त बाहेर आला असेल तर सावध व्हायचं. एक्स-रे काढताना मात्र पाय फाकवलेले नकोत, गुडघ्याच्या वाट्या छताकडे हव्यात आणि कंबरेत बाक असेल तर गुडघ्यांखाली आधार देऊन तो घालवायला हवा. नाहीतर दोन फिल्म्समधला आकड्यांचा फरक खुब्याचा की झोपवण्याचा, हे सांगताच येत नाही.