सासूबाईंचे डोहाळे

"आज काय खावंसं वाटतंय?" मेथी निवडता निवडता सासूबाईंनी विचारलं. हा रोजचाच प्रश्न. मी सहज म्हटलं, "आई, ह्यांच्या वेळी तुम्हाला कसले डोहाळे लागले होते?"

जुडी हातात तशीच राहिली.

"कोण विचारत होतं गं? खोबऱ्याच्या वड्या खाव्याशा वाटायच्या. डबा वरच्या फळीवर असायचा, आणि सासूबाई समोर!" म्हणाल्या आणि हसत सुटल्या.

मला काही हसू येईना.

तेव्हा त्या एका खासगी कंपनीत पॅकिंगला होत्या. कायद्याने बाळंतपणाची रजा मिळायची 12 आठवडे. तान्ह्याला आजीकडे टाकून पुन्हा कामावर. मला 2017 च्या दुरुस्तीमुळे 26 आठवडे मिळणार आहेत. वर लोहाची गोळी चहासोबत घेतली की ओरडायला या आहेतच. (चहाने लोह नीट अंगी लागत नाही, हे डॉक्टरांच्या आधी त्यांनीच सांगितलं होतं.)

माझे एवढे लाड करताना त्यांना मनातून कधी हेवा वाटत नसेल? मला तरी वाटला असता बाई.

त्यांचं मात्र भलतंच चाललंय. डोहाळजेवण झोपाळ्यावरचं करायचं की चांदण्यातलं, यावर नणंदबाईंशी तासभर फोनवर भांडण सुरू आहे. मला कुणी विचारलेलंच नाही!