ओव्हन, ऑफिस आणि पॅरिस

२६ जुलै २०२४, शुक्रवार

पंचगंगा चढायला लागली म्हणून सासूबाई मंगळवारीच कोल्हापूरहून आमच्याकडे आल्या. आणि काल इथे खडकवासल्यातून पाणी सोडलं, ते सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत शिरलं. टीव्हीवर होड्या बघत त्या म्हणाल्या, "पुराला भिऊन पुण्यात आले, तर पूर माझ्या आधी येऊन बसलाय."

आज पॅरिस ऑलिम्पिकचं उद्घाटन. रात्री अकराला. स्टेडियम नाही, सगळे खेळाडू बोटींतून सेन नदीवरून, तेही धो धो पावसात. सासूबाईंनी पाच मिनिटं बघितलं. "तिकडंही तेच की," म्हणाल्या आणि झोपल्या.

मी मात्र मनातून खूश आहे. आमचे क्लायंट युरोपातले. त्यांच्या घड्याळासाठी रोज साडेअकरा ते साडेआठ लॅपटॉपसमोर बसायचं, विम्याचे क्लेम तपासायचे, यावर माझी एरवी कायमची कुरकुर. आता पुढचे पंधरा दिवस तेच घड्याळ माझ्या बाजूला आलंय. साडेतीन तासांचा फरक म्हणजे तिकडची सकाळ ही आपली भर दुपार. लॅपटॉप डायनिंग टेबलवर, टीव्ही समोर, ओटीजी, म्हणजे छोटा ओव्हन, पाठीमागे ओट्यावर. खुर्ची फिरवली की सगळं टप्प्यात.

२८ जुलै, रविवार

नानकटाई. तूप जरा जास्त झालं, पसरली. पावसाळी हवेत दुसऱ्या दिवशी मऊ पडणार हे माहीत असूनही दर वर्षी करते.

साडेतीनला मनू भाकरची फायनल होती. मी ट्रे खरवडत होते. एकदम वरच्या मजल्यावरून आरडाओरडा. आमच्या टीव्हीवर ती अजून नेमच धरून उभी! वरच्यांकडे डिश आहे, आमच्याकडे नेटवरून येतं, त्यामुळे आम्ही अर्धा मिनिट मागे. म्हणजे आमच्या घरी पदक आधी छतातून येतं, मग पडद्यावर.

कांस्य. रुपेरी पदक ०.१ गुणाने गेलं. नेमबाजीत बारा वर्षांनी काहीतरी मिळालं. लेक (आठवीत आहे, गणितात बरा, तर्कात नाही) म्हणाला, "आई, तू स्वयंपाकघरात होतीस म्हणून झालं."

३० जुलै, मंगळवार

मनू आणि सरबज्योत, १६–१०, दुसरं कांस्य. मी कॉलवर होते, पाठ टीव्हीकडे. लेकाने शाळेतून आल्यावर पहिला प्रश्न हाच विचारला: "तू बघितलंस का?" नाही म्हटल्यावर समाधानाने मान हलवली.

३१ जुलै, बुधवार

आज सासूबाईंनी पेपरवाल्याआधी मला बातमी दिली. "आमच्या राधानगरीतलं पोरगं फायनलला गेलंय." कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन. ५९० गुण, सातवा. आठच जातात फायनलला. त्यांचं माहेर त्याच तालुक्यातलं, त्यामुळे आता तो घरचाच. वडील मास्तर, आई गावची सरपंच, पोरगा रेल्वेत टीसी, ही सगळी माहिती त्यांनी दोन फोन करून जमवली. मला वाटायचं, रायफलवाले म्हणजे पैसेवाल्यांची मुलं. तो तर वर्षानुवर्षं आपल्या बालेवाडीत सराव करतोय, गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. मी त्या क्रीडासंकुलात आजवर फक्त एका लग्नाला जाताना वाट चुकून गेले आहे.

उद्या दुपारी एकला.

१ ऑगस्ट, गुरुवार

उद्या दुपारी एकला आणखी काय असतं हे काल रात्री डोक्यातच आलं नाही. आठवड्याचा रिव्ह्यू कॉल. कॅमेरा चालू ठेवावा लागतो.

त्यात मफिन. तो नॉर्वेचा पोहणारा, हेन्रिक क्रिस्तियान्सन, ऑलिम्पिक गावातल्या चॉकलेट मफिनच्या प्रेमात पडलाय आणि त्याचे व्हिडिओ जगभर फिरतायत. लेकाला तेच मफिन हवेत, मधोमध पातळ चॉकलेटवाले. रेसिपी म्हणे कळलीय. रेसिपी कळणं आणि आमच्या २८ लिटरच्या ओटीजीत ती उतरणं यात बरंच अंतर आहे. मागची बाजू नेहमी जास्त तापते, म्हणून अर्ध्या वेळेनंतर ट्रे फिरवावा लागतो. बारा मफिन, १८० वर, वीस मिनिटं. एक वाजून पाच मिनिटांनी आत सरकवले आणि कॉलला बसले.

टीव्ही म्यूट. सासूबाई समोर, मांडीवर जपमाळ.

हा प्रकार मी पहिल्यांदाच नीट बघितला. आधी गुडघ्यावर बसून पंधरा गोळ्या, मग पालथं पडून पंधरा, आणि शेवटी उभं राहून. उभं राहून सगळ्यात अवघड, कारण बंदुकीला टेकायला अंगाशिवाय काही नाही. अंगात जाड कॅनव्हासचं जॅकेट, पायात चपटे बूट, चालताना माणूस बदकासारखा दिसतो. आणि उभा राहिला की झाड. गुडघ्यावरच्या गोळ्यांनंतर तो सहावा. पालथ्यानंतर पाचवा. सासूबाई बोटांनी मला आकडे दाखवत होत्या, मी कॅमेऱ्याकडे बघून "येस, येस" म्हणत होते.

उभं राहून दहा गोळ्या झाल्या तेव्हा तो तिसरा. तिथून पुढे प्रत्येक गोळीनंतर शेवटचा बाहेर. त्याच वेळी मला कुणीतरी मागच्या महिन्याच्या प्रलंबित क्लेमबद्दल विचारलं. मी अनम्यूट केलं, तोंड उघडलं, आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी पाय आपटून किंचाळलं. पाठोपाठ सासूबाई, अजून काही बघितलेलं नसताना, नुसत्या छताच्या भरवशावर: "आलं! आलं गं!"

ते सगळं कॉलमध्ये गेलं. पलीकडच्या बाईंनी काळजीने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, आमच्या गावच्या मुलाला ऑलिम्पिक पदक मिळालं. "आमच्या गावच्या" हे कसं तोंडातून गेलं कुणास ठाऊक, माझं माहेर साताऱ्याचं. त्या बाई टाळ्या वाजवायला लागल्या. मग सगळ्यांनाच वाजवाव्या लागल्या.

४५१.४. कांस्य. या प्रकारात भारताचं पहिलंच.

मफिनचा बुंधा करपला. ट्रे कोण फिरवणार होतं?

संध्याकाळी सासूबाईंनी खाशाबा जाधव काढले. १९५२, हेलसिंकी. गोळेश्वरचे, म्हणजे कऱ्हाडचे, म्हणजे खरं तर आमच्या जिल्ह्याचे, पण शिकले कोल्हापुरात राजाराम कॉलेजला, त्यामुळे तो वाद आमच्या घरात कधीच मिटणार नाही. प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून त्यांना जायला पैसे दिले होते. पदक घेऊन आले तर कऱ्हाड स्टेशनापासून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक. "त्यानंतर आपल्या मराठी माणसाला एकट्याच्या खेळात आज मिळालं," त्या म्हणाल्या. बहात्तर वर्षं. मी बोटं मोजून खात्री केली.

नंतर स्वप्नीलची मुलाखत लागली. पोटात कालवत होतं, काही खाल्लंच नाही, नुसता काळा चहा पिऊन गेलो, असं म्हणाला. सासूबाईंना पदकापेक्षा हे जास्त लागलं. "उपाशी उभं होतं गं पोरगं." करपलेला भाग कापून टाकलेला मफिन त्यांनी दोन घास खाल्ला आणि खाली ठेवला.

४ ऑगस्ट, रविवार

दीप अमावस्या. सगळे दिवे घासून पाटावर मांडले, कणकेचे गुळाचे दिवे उकडले. उद्यापासून श्रावण, म्हणजे घरात अंडं बंद. म्हणून सकाळी उरलेल्या चार अंड्यांचा स्पंज करून टाकला. नवरा आणि लेक दुपारी बाहेर जाऊन काय खायचं ते खाऊन आले. त्याची नोंद इथे नको.

हॉकी, ब्रिटनविरुद्ध. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड, तेव्हा मी सोफ्यावर होते. नवरा आणि लेक दोघांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. उठले. पुढची त्रेचाळीस मिनिटं भारत दहा जणांनिशी खेळला आणि मी ओट्याशी तुपाची धार सोडत. १–१, शूटआउटमध्ये ४–२. गोलकीपर श्रीजेशने अडवलेला फटका मी रात्री मोबाइलवर पाहिला, सहा वेळा.

५ ऑगस्ट, सोमवार

मी आत असूनही बॅडमिंटनमध्ये लक्ष्य सेन हरला. पहिला गेम २१–१३ जिंकून. लेक म्हणतो हा धरायचा नाही. सिद्धांतात न बसणारे आकडे बाजूला सारायचे, हे तो कुठे शिकला माहीत नाही; आमच्याकडे या कामाला पगार मिळतो.

६ ऑगस्ट, मंगळवार

आज मी ऐकलं नाही. विनेश फोगाट मी बघणारच होते.

दुपारी तीनच्या सुमाराला पहिलीच कुस्ती युई सुसाकीशी, जी आंतरराष्ट्रीय कुस्तीत कुणाशीच हरलेली नव्हती. जेवणाची सुट्टी उशिरा घेतली आणि सोफ्यावर ठाण मांडलं. ०–२. शेवटचे काही सेकंद. मग एकदम ती आत घुसली आणि ३–२. मला रडूच आलं. सासूबाई म्हणाल्या, "रस्त्यावर बसलेली पोरगी ती." वर्षभरापूर्वीचं जंतरमंतरवरचं कुस्तीगिरांचं आंदोलन त्यांना लख्ख आठवत होतं.

पुढच्या दोन्ही कुस्त्याही बघितल्या, रात्रीची उपांत्य फेरीसुद्धा. फायनल. रुपेरी तर नक्कीच. लेकाला म्हटलं, बघ, तुझं शास्त्र गेलं चुलीत.

७ ऑगस्ट, बुधवार

बिनअंड्याचा केक. दह्यात सोडा घातला, तो फसफसून वाटीच्या काठापर्यंत आला. बटरची १०० ग्रॅमची वडी कागद सोडून काट्यावर ठेवली. आकडा ९९ आणि १०० मध्ये लुकलुकत होता, मी वाट बघत होते कुठे थांबतो. तेवढ्यात नवऱ्याचा ऑफिसातून मेसेज.

वजन जास्त भरलं. ५० किलोला १०० ग्रॅम. अपात्र.

रात्रभर घाम गाळला, शेवटी केस कापले, कपडे आखूड केले, तरी भरलं. सासूबाई आत आल्या, काट्यावरची वडी बघितली. "एवढंच?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी ती उचलली, तळहातावर जोखली, परत ठेवली. पुढे काही बोलल्या नाहीत. केक मी केला, पण बटर नाही घातलं, तेल घातलं. कारण विचारू नका.

लेक शाळेतून आला. काहीतरी म्हणेल म्हणून मी तयार होते. काही म्हणाला नाही, आणि ते जास्त लागलं.

रात्री झोप येईना. ब्रेडचं पीठ मळायला घेतलं. पावसाळ्यात आमच्या ओट्यावर पीठ फुगायला निवांत दोन तास लागतात, घाईचा उपयोग नसतो. सव्वा वाजता अविनाश साबळेची स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, फायनल होती. बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. या शर्यतीच्या फायनलला पोचलेला पहिला भारतीय पुरुष. घरात सगळे झोपलेले, आवाज बंद, माझे हात पिठाने भरलेले. पाण्याच्या खड्ड्यावरून उडी, परत उडी. सुरुवातीला पुढे होता, मग मागे मागे गेला. अकरावा, ८:१४.१८. वरच्या मजल्यावरही सामसूम होती.

पीठ अजून फुगलं नव्हतं. झाकून झोपले.

८ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी पीठ भांड्याबाहेर येऊन ओट्यावर पसरलेलं. ठोसा मारून बसवलं, आकार दिला. ब्रेडला आंबूस वास आलाय, सासूबाईंना आवडला. "आंबोळीसारखा लागतोय."

साडेपाचला हॉकीचं कांस्य. स्पेनविरुद्ध २–१, हरमनप्रीतचे दोन्ही गोल, श्रीजेशचा शेवटचा सामना. मी न सांगताच आत बसले होते.

रात्री बाराला नीरज. पहिली फेक फाउल. तिघांनी माझ्याकडे बघितलं, सासूबाई धरून. उठून फ्रीजचं दार उघडून उभी राहिले, काय घ्यायचं होतं देव जाणे. वरून ओरडा. ८९.४५. पण त्याआधीच पाकिस्तानच्या अर्शद नदीमचा भाला ९२.९७ वर जाऊन रुतला होता, ऑलिम्पिक विक्रम. नीरजच्या बाकी सगळ्या फेकी फाउल. फ्रीज केव्हाचा टूंटूं करत होता, दार उघडंच राहिलं होतं.

९ ऑगस्ट, शुक्रवार

नागपंचमी. चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. फक्त उकडायचं. पुरणाचे दिंड केले. सकाळी एक गहन प्रश्न निघाला, ओव्हन म्हणजे तवा का? सासूबाईंनी ओटीजीचं दार उघडलं, आतली काळी जाळी, वरच्या-खालच्या सळ्या बघितल्या. "ही भट्टी आहे. भट्टीबद्दल काही सांगितलेलं नाही. पण आज राहू दे." राहू दिलं.

रात्री कुस्तीत अमन सेहरावतला कांस्य, १३–५. आदल्या रात्रीत त्याने ४.६ किलो उतरवलं म्हणे. लेकाने तो आकडा माझ्याकडे न बघता वाचला.

११ ऑगस्ट, रविवार

समारोप रात्री साडेबाराला. सासूबाई उद्या सकाळच्या गाडीने कोल्हापूरला निघणार, पाणी उतरलंय. त्यांच्याबरोबर नानकटाईचा डबा, या वेळी तूप मोजून. पसरली नाही.

बॅग भरता भरता त्यांनी विचारलं, "परत कधी असतंय हे?"

"चार वर्षांनी. अमेरिकेत, लॉस एंजेलिसला."

"मग आपल्याकडं किती वाजता दिसणार?"

मी मोबाइलवर बघितलं. साडेबारा तासांचा फरक. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, सहा-सात.

"म्हणजे भाकऱ्यांच्या वेळेला," त्या म्हणाल्या. "मग बरंय. तू आतच असशील."