वर्गणीचं कॅलेंडर

आज आमच्या मुलींच्या वसतिगृहाची मीटिंग झाली. म्हणजे आम्ही पाच जण, काकूंच्या ओट्यावर, मधे कालनिर्णय पसरलेलं. विषय एकच: यंदा देणगीदारांकडे पैसे कधी मागायचे?

जूनमध्ये वह्या-दप्तरांसाठी लोक आपणहून देतात. गणपतीत तोंड उघडायचं नाही, मंडळांच्या वर्गणीनेच सगळे वैतागलेले असतात. पितृपक्षात मात्र फोन येतात, "वडिलांच्या तिथीला मुलींना जेवण द्यायचंय." गेल्या वर्षी सर्वपित्रीला एकदम तीन घरांची खीर आली आणि दिवाळीनंतर डाळीचा डबा रिकामा. आता तिथींची वही केलीय. जेवणाऐवजी शिधा मागणार, तोही वाटून.

मार्चचा भरवसा मला राहिला नाही. नव्या करप्रणालीत देणगीवरची प्राप्तिकर वजावट (लोक जिला ८०जी म्हणतात ती) नाही, त्यामुळे ३१ तारखेआधी पावतीसाठी धावणारे कमी झालेत. आणि २००० रुपयांवरची रोख त्या वजावटीला चालत नाही, हे दरवर्षी कुणाला तरी समजवायचं काम माझ्याच गळ्यात!

एप्रिल-मेची पानं कोरीच राहिली. काकू म्हणाल्या, "तेव्हा नुसतं भेटायला जाऊ, पावतीपुस्तक घरी ठेवून. माझ्या चुलतदिरांपासून सुरू करा. आठ वर्षं देतायत, आपण एकदाही गेलो नाही."