तुम्ही विचारलंत म्हणून: सिनेमा मध्येच का थांबवता?

नागपूरची वहिनी सुट्टीत आली की विचारते. पुण्याला शिकणारी भाची तर चिडतेच, "आत्या, सिनेमा असा तुकड्यातुकड्यांनी पाहतात का? एकदा सुरू केला की शेवटपर्यंत पाहायचा ना!" परवा बचत गटाच्या बैठकीतही तोच विषय निघाला. तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण इतक्या जणी विचारतात, तर एकदा नीट सांगते.

आमचं गाव राळेगाव तालुक्यात, जंगलाला लागून. घरात सासूबाई, आमचे हे, मी आणि बारावीला असलेला मुलगा. थिएटर गाठायचं तर यवतमाळ. ते वर्षातून एकदा झालं तरी पुष्कळ. पूर्वी गावात भाड्याने व्हीसीआर आणायचे आणि उजाडेपर्यंत तीन-तीन सिनेमे चालायचे, पण ते सगळं दुसऱ्याच्या आंगणात, गर्दीत. आता टीव्ही घरात आहे, रिमोट आपल्या हातात आहे.

थांबवण्याचं एक कारण साधं आहे, लाइन, म्हणजे वीज. शेतातल्या मोटरची थ्री फेज लाइन काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत रात्रीची पाळी असली की हे जेवण झाल्यावर थोडा वेळ बसतात आणि मग बॅटरी, काठी घेऊन निघतात. सिनेमा जिथे असेल तिथे थांबतो. यांच्यावाचून पुढे पाहायचा नाही, असं कोणी ठरवलेलं नाही. पण आजवर पाहिलेला नाही.

हे कारण सांगितलं की लोकांचं समाधान होतं. खरं कारण मात्र दुसरं आहे.

मंगेश हाडवळेंचा २००८ सालचा 'टिंग्या' आम्ही लावला, तेव्हा पोळा चार दिवसांवर होता. बैल जायबंदी झालेला, बापाच्या डोक्यावर कर्ज, घरचे तो विकायला निघालेले आणि पोरगा काही केल्या सोडायला तयार नाही. गोष्ट जुन्नरकडची, बोली वेगळी, पण सासूबाईंना एक शब्दही समजावून सांगावा लागला नाही. बैल विकायची बोलणी सुरू झाली तशा त्या बाजेवरून उठल्या आणि बाहेर गेल्या. मला वाटलं पाणी प्यायला गेल्या असतील. बराच वेळ झाला म्हणून पाहिलं, तर गोठ्यात उभ्या. जोडीतल्या म्हाताऱ्या बैलाच्या मानेवरून हात फिरवत होत्या. मी परत येऊन सिनेमा थांबवला. त्या आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, "लाव आता." तीन दिवसांनी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला त्यांनी बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हटलं, तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. थिएटरात त्या उठून कुठे गेल्या असत्या?

'शेरनी' आला जून २०२१मध्ये, थेट घरातल्या पडद्यावर. सिनेमातलं जंगल मध्य प्रदेशातलं आणि वाघीण टी-१२, हा वनखात्याने दिलेला नंबर. आमच्याकडची टी-१, जिला पेपरवाले अवनी म्हणायचे. राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात १३ माणसांचे बळी तिच्या नावावर लावले गेले. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री तिला गोळी घातली, दिवाळी अगदी तोंडावर होती. ते दिवस बाहेरच्यांना कळायचे नाहीत. ऐन वेचणीचे दिवस, पऱ्हाटी पांढरी झालेली, आणि बाया एकट्या शेतात जायला तयार नाहीत. आम्ही घोळक्याने जायचो, एकजण नुसती राखण करत उभी राहायची, ऊन कलायच्या आत परत. रात्रीची जागल बंद, म्हणजे रानडुकरांना शेत मोकळं. ती मेल्याची बातमी आली तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे मी लपवत नाही. मी देवापुढे दिवा लावला होता.

आणि तीन वर्षांनी त्याच घरात बसून मी त्या सिनेमातल्या वाघिणीसाठी जीव मुठीत धरून बसले होते. तिला जंगलातून जंगलात जायचं आहे आणि मध्ये तांब्याची खाण आडवी आलेली. गावातल्या बायांच्या चराईच्या जागेवर सागाची रोपं लावलेली, म्हणून त्यांना गुरं घेऊन आणखी आत जावं लागतं. म्हणजे बाईही आत ढकलली गेली आणि वाघीणही. हे मला कोणी आधी असं दाखवलंच नव्हतं. मी थांबवलं. म्हटलं, अवनीचीही दोन पिल्लं होती, हिचीही दोनच आहेत. आमच्याकडच्या त्या दोनपैकी एक २०१८च्याच डिसेंबरात पकडून पेंचच्या व्याघ्र प्रकल्पात नेलं होतं. हे म्हणाले, "पिल्लायची दया येते, पण गेलेल्या माणसायचीही पोरं होती." दोन्ही खरं होतं. त्या रात्री आम्ही पाऊण तास बोललो असू, सिनेमा तिथेच थांबलेला. माझा दिवा चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. पण तो लावताना मला वाघिणीविषयी जेवढं माहीत होतं, त्याहून आता जास्त माहीत आहे.

सिनेमात वाघिणीला वाचवायला धडपडणारी एक वन अधिकारी बाई आहे. शेवटी तिची बदली संग्रहालयात होते, पेंढा भरलेल्या जनावरांमध्ये. सिनेमा तिथे संपतो, पण मी काही वेळ टीव्ही बंद केला नाही.

आता ते, जे मी वहिनीलाही सांगितलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात मुलाने कुठून तरी 'गाभ्रीचा पाऊस' आणला. सतीश मनवरांचा, २००९चा. नाव ऐकूनच सासूबाई हसल्या, पावसाला अशीच शिवी घालतो आम्ही. आपल्या बोलीतला सिनेमा म्हणून सगळे कौतुकाने बसलो. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिलेला असतो आणि एका बाईच्या मनात भीती बसते की आपला नवराही तसंच काही करेल. मग ती त्याला एकटं सोडत नाही. गोडधोड करते, नटते, सासूला आणि लहानग्या पोराला त्याच्यावर लक्ष ठेवायला लावते. नवऱ्याला बिचाऱ्याला कळत नाही की घरात अचानक एवढे लाड का चाललेत. खोलीत हसू होतं. मला हसू येत नव्हतं. माझा हात रिमोटवर गेला.

"काहून थांबवलं वं?" यांनी विचारलं.

२०१७ साल. गुलाबी बोंडअळीचं. बोंडं वरून चांगली दिसायची, फोडली की आत किडलेली. बाहेरून हिरवंगार शेत आणि वेचायला काहीच नाही. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यातले कित्येक जण गेले होते, त्यामुळे औषधाच्या बाटलीकडे पाहिलं तरी पोटात गोळा यायचा. आमच्यावर सोसायटीचं कर्ज होतं, शिवाय कृषी केंद्राची उधारी. हे जेवायचे, पण बोलायचे नाहीत. मी फवारणीच्या सगळ्या बाटल्या लोखंडी पेटीत कुलूप लावून ठेवल्या आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली. मुलगा तेव्हा चौथीत. शाळेतून आला की त्याला यांच्या डब्यासोबत शेतात पाठवायची आणि सांगायची, "बाबांसंगंच ये." का, ते त्याला सांगितलं नव्हतं. सासूबाईंनाही नाही.

हे सगळं मी त्या थांबलेल्या चित्रासमोर सांगितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा.

आधी सासूबाई बोलल्या. "गोठ्यातले जास्तीचे दोर म्याच काढून नेले होते. तुह्या लक्षात नाही आलं."

आम्ही दोघी एकाच घरात, एकाच चुलीवर, एकाच माणसावर नजर ठेवून होतो आणि एकमेकींना कळू दिलं नव्हतं. मुलगा कधी आजीकडे पाहत होता, कधी माझ्याकडे. हे खाली पाहून बोटांनी चटईची काडी सोलत होते. मग म्हणाले, "मले मालूम होतं. डबा संपला तरी पोरगं हालत नव्हतं. कापसाच्या बोंडाएवढं पोरगं, बांधावर बसून मले शाळेतल्या कविता म्हणून दाखवे. मी बी त्याले लवकर घरी पाठवत नव्हतो. तो बसला असला की बरं वाटे."

मुलगा म्हणाला, "मले वाटे तुमाले कविता आवडतात."

"आवडतच होत्या," हे म्हणाले.

त्या रात्री सिनेमा पुढे लावला नाही. लाइनची पाळीही रात्रीचीच होती. हे उठले, बॅटरी घेतली. मुलगा काही न बोलता पायात चपला घालून त्यांच्यामागे निघाला. मीही त्याला अडवलं नाही, परीक्षा जवळ आली होती तरी.

दुसऱ्या दिवशी जेवताना यांनीच विचारलं, "काल कुठवर आलता?" मी सांगितलं. सासूबाईंनी बाज टीव्हीसमोर ओढून घेतली, मुलाने दार लोटलं आणि आम्ही तिथून पुढे लावला. शेवट काय होतो ते इथे सांगत नाही. तुम्ही पाहा, आणि घरीच पाहा.