लेखक, निवेदक आणि ‘मी’

कथात्म साहित्याचा अभ्यास सुरू करताना मी पहिल्या तासाला फळ्यावर एकच संज्ञा लिहितो : निवेदक. कथानक, पात्र, वातावरण, संघर्ष हे शब्द विद्यार्थ्यांनी शाळेत ऐकलेले असतात. परंतु गोष्ट कोण सांगत आहे हा प्रश्न मनात पक्का झाला नाही, तर ते सारे शब्द उत्तरपत्रिकेतल्या मथळ्यांपुरतेच उरतात, असा माझा अनुभव आहे.

उदाहरणासाठी मी नेहमी हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीकडे जातो. ‘करमणूक’ या साप्ताहिकातून १८९० पासून ती क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. लिहिणारा विशी ओलांडलेला पुरुष आणि सांगणारी यमू नावाची मुलगी, त्यामुळे लेखक आणि निवेदक यांच्यातले अंतर येथे पहिल्या पानापासून उघड दिसते. एरवी ‘मी’ दिसला की विद्यार्थी सर्रास ‘लेखक म्हणतो’ असे लिहितात. येथे तसे लिहिताना हात अडखळतो, आणि त्या अडखळण्यातूनच प्रथमपुरुषी निवेदन म्हणजे काय ते उमगू लागते. त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी की, बालपण भोगणारी यमू आणि ते आठवून सांगणारी यमू एकच असली, तरी त्यांचे वय आणि त्यांची समज वेगळी आहे. लहान यमूला जे कळत नव्हते ते मोठ्या यमूला कळते, आणि वाचकाच्या मनातली कणव या दोघींमधल्या अंतरात वाढत जाते.

१९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वि. स. खांडेकर यांच्या ‘ययाति’मध्ये ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तीन निवेदक आहेत. एकाच्या तोंडून पटलेली बाजू दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना डळमळू लागते. निवेदकावर किती विश्वास ठेवायचा हे वाचकालाच ठरवावे लागते, हे शिकवायला मला याहून सोयीचे पुस्तक सापडलेले नाही.

तृतीयपुरुषी निवेदन सोपे वाटते, पण खरी गफलत तेथेच होते. ‘सुमनने दार उघडले. इतक्या रात्री हा माणूस कशाला आला होता?’ ही दोन वाक्ये पाहा. दोन्ही वाक्ये निवेदकाचीच आहेत आणि ‘सुमनला वाटले’ असे कोठेही म्हटलेले नाही. तरीही दुसऱ्या वाक्यातला प्रश्न सुमनचा आहे. सांगणारा एक आणि पाहणारा दुसरा असू शकतो. या पाहण्याच्या जागेला आपण दृष्टिकोन म्हणतो. सर्वसाक्षी निवेदक मात्र कोणाच्याही मनात शिरू शकतो.

कथानकाबद्दल थोडक्यात सांगतो. इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये केलेला भेद आजही उपयोगी पडतो : राजा मेला आणि मग राणी मेली, ही गोष्ट झाली, राजा गेल्याच्या दुःखाने राणी मेली, की त्याचे कथानक झाले. कार्यकारणाचा धागा हाच फरक आहे, म्हणून घटनांची यादी देणारे उत्तर कथानकाविषयीचे उत्तर ठरत नाही.

वातावरण म्हणजे निसर्गवर्णन, हा समजही सोडायला हवा. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’तून दुष्काळ काढला, तर धनगरांच्या त्या वस्तीला गाव सोडण्याचे कारणच उरत नाही. तेथे माळ आणि आभाळ हे शोभेसाठी नाहीत, ते कथानक पुढे ढकलतात.

या सगळ्यानंतर मी एक गृहपाठ देतो : यमूच्या निवेदनातले एक पान तृतीयपुरुषात लिहून आणा. ‘मी’च्या जागी ‘ती’ घालणे पाच मिनिटांत होते. मग मोठ्या यमूने आपल्या लहानपणाविषयी काढलेले एखादे वाक्य येते, आणि ते आता कोणाच्या तोंडी घालायचे, या प्रश्नापाशी विद्यार्थी थांबतात.