कवडशांचा हिशेब

सदाफुली कुठेही येते, असं सगळेच सांगतात. भिंतीच्या भेगेत येते, फुटक्या डब्यात येते, कुणी लावली नाही तरी येते. माझ्या अंगणात मी ती हौसेने लावली, तर दीड महिन्यात तिने हातभर उंची गाठली आणि फूल दिलं एक. नावातच ‘सदा’ असलेल्या झाडाने असं वागावं हे मला जरा लागलंच.

दोष तिचा नव्हता. आमच्या अंगणावर एका मोठ्या झाडाची सावली आहे. भर उन्हाळ्यात येणारा प्रत्येकजण तिथे टेकतो आणि ‘काय गारवा आहे हो तुमच्याकडे!’ म्हणतो. पण तो गारवा सदाफुलीच्या उपयोगाचा नाही. उजेड कमी पडला की रोप फुलांचा नाद सोडून उंचीच्या मागे लागतं. दोन पानांमधलं अंतर वाढत जातं, खोड बारीक होतं आणि सगळा जीव वर कुठेतरी ऊन आहे का, हे बघण्यात जातो. तिची ती उंची मी आधी ‘छान वाढतेय’ म्हणून मिरवलीही होती.

मी फसलो ते डोळ्यांमुळे. भर दुपारच्या उन्हात साधारण 1,00,000 लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. सावलीत तो दहाव्या हिश्श्यावर येतो, दाट झाडाखाली त्याहूनही खाली. पण डोळा इतक्या चटकन जुळवून घेतो की आपल्याला वाटतं, आहे की भरपूर उजेड, पेपर वाचता येतोय! झाडाला पेपर वाचायचा नसतो, उजेडावर पोट भरायचं असतं.

मग एका सुट्टीच्या दिवशी खडू घेऊन अंगणात उतरलो. दर तासाला ऊन कुठवर येतं त्याची रेघ मारायची आणि शेजारी वेळ लिहायची. घरच्यांनी दोनदा डोकावून पाहिलं आणि काही न विचारता आत गेले. दुपारपर्यंत अंगणाचं लंगडीचं मैदान झालं होतं. त्या खटाटोपात कवडशांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या, पण जमिनीवरचे कवडसे मात्र गोल. कारण प्रत्येक बारीक फट सूर्याचं चित्र खाली पाडत असते. म्हणूनच खंडग्रास ग्रहणात झाडाखाली शेकडो चंद्रकोरी पसरतात. हे शाळेत शिकलो होतो. तेव्हा कवडसे पुस्तकात होते, पायाखाली नव्हते.

हिशेब असा निघाला: भिंतीलगत सकाळचं कोवळं ऊन दीड तास. मधे दिवसभर नुसते कवडसे. आणि पश्चिमेच्या कडेला तीननंतर थेट अंगावर येणारं, तव्यासारखं ऊन. म्हणजे सावली एक नव्हतीच, तीन होत्या. रोपांच्या चिठ्ठ्यांवर ‘पूर्ण ऊन’ लिहितात ते सहा तासांच्या वरचं असतं आणि तीन ते सहा तासांना ‘अर्धी सावली’ म्हणतात. माझ्या मधल्या भागाला अर्धीही म्हणता आली नसती. झेंडू, गुलाब, ऊन असेल तरच उघडणारा चिनी गुलाब, सगळे यादीतून गेले. मोगऱ्याच्या नावावर काट मारताना हात थोडा थांबला.

उरलेल्यांत पहिला नंबर तेरड्याच्या भावंडाचा, रोपवाटिकेत ज्याला इम्पेशन्स म्हणतात त्याचा. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण ज्याने केली त्याने हे भावंड पाहिलं नसावं. सावलीत ते महिनोन्‌महिने फुलत राहतं. दुपारी मान टाकून असं पडतं की वाटावं, गेलं. पाणी मिळालं की तासाभरात उठून बसतं. ‘इम्पेशन्स’ म्हणजे उतावळा. पिकलेल्या बोंडाला बोट लावलं की ते फटकन फुटतं आणि बिया उडतात. मी मोठा माणूस असूनही रोज दोन-चार फोडतो.

दुसरी टोरेनिया. हिच्या निळ्या-जांभळ्या फुलाच्या घशात दोन पुंकेसर माथ्याशी जुळून कमान करतात. मागे स्त्रीकेसराच्या टोकाला दोन पाकळ्यांसारखे ओठ असतात. त्यांना काडीने हलकेच स्पर्श केला तर ते मिटतात. असं फूल लावलं की कामं खोळंबतात, एवढं सांगून ठेवतो.

बेगोनिया मी दोनदा लावला. पहिल्यांदा शेजारच्या काकूंनी सांगितलं, ‘उन्हाळा आहे रे, दोन्ही वेळा पाणी घाल.’ घातलं. सावलीतली माती लवकर वाळत नाही, हे काकूही विसरल्या आणि मीही. बेगोनियाचं पाणीदार खोड बुडाशी मऊ पडलं आणि रोप हातात आलं. आता बोट पेराएवढं मातीत खुपसून बघतो, कोरडं लागलं तरच पाणी. मोठ्या झाडाच्या बुंध्याजवळ मात्र उलट आहे. तिथे मुळं सगळं पाणी पिऊन टाकतात, म्हणून तिथलं लावणं कुंडीतच.

कोलियस आणि कॅलेडियम पानांसाठी घेतले. फुलांसाठी निघालेला माणूस पानं घेऊन परतला, ही आधी हार वाटली होती. आता तसं वाटत नाही.

रंगांच्या बाबतीत मात्र मी हट्ट केला. मला गर्द लाल हवा होता, तो लावला, आणि संध्याकाळी अंगणात बसलो तर लाल फुलं गायब! जागेवर नुसते काळे ठिपके. अंधारू लागलं की डोळ्याला लाल रंग आधी दिसेनासा होतो आणि निळा उजळतो. झेक शास्त्रज्ञ पुर्किंये याने 19व्या शतकात हे नोंदवून ठेवलं आहे. पांढरा इम्पेशन्स तेवढा दिवा लावल्यासारखा दिसत होता. लाल रोपं मी सकाळच्या भिंतीलगत हलवली, मधे सगळा पांढरा आणि फिका गुलाबी.

आणि सदाफुली? तिला उचलून पश्चिमेच्या त्या तापलेल्या कडेला नेली. शेंडे खुडले, संध्याकाळी लावली. आता ती खरोखरच सदा फुलते. उन्हाकडे, म्हणजे कुंपणाबाहेर तोंड करून. येणारे-जाणारे थांबून कौतुक करतात. घरातून मला तिची पाठ दिसते.