तैपेईतली मँडरिन: हे सत्र टोनसाठी

या सत्रात एकच गोष्ट ठरवून केली. शब्दसंग्रह, वाचन, कॅरेक्टर (चिनी लिपीतलं एकेक चिन्ह) लिहिणं हे सगळं वर्गाच्या वेगाने चालू दिलं आणि माझा स्वतःचा वेळ जवळजवळ सगळा टोनवर, म्हणजे अक्षर कुठल्या सुरात म्हणायचं त्यावर घातला. सत्र आता संपत आलंय. फरक चांगलाच जाणवतोय, म्हणून मँडरिन शिकणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे जरा सविस्तर लिहून ठेवते.

मी शिकते ते नॅशनल तैवान नॉर्मल युनिव्हर्सिटीचं मँडरिन ट्रेनिंग सेंटर. १९५६ पासून चालू आहे. सत्रं तीन-तीन महिन्यांची, मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरला सुरू होतात. माझा इंटेन्सिव्ह वर्ग आहे, म्हणजे रोज तीन तास. लिपी पारंपरिक. 'तैवान'मधला 'वान' एकटाच २५ रेघांचा आहे, पण त्याचा बाऊ करण्याची गरज नाही. रोज लिहीत राहिलं की हात आपोआप वळतो. टोनचं मात्र तसं होत नाही, ते मुद्दाम बसून घोटावे लागतात.

वर्गात प्रत्येकाकडे घरून आणलेलं काही ना काही भांडवल असतं. जपानी मुलांना कॅरेक्टर ओळखीची. व्हिएतनामहून आलेल्यांचा कान टोनला सरावलेला. आपल्याला काय मिळतं? व्यंजनं, आणि ती जवळजवळ पूर्ण संचासकट मिळतात. पिनयिनमधले, म्हणजे मँडरिनच्या रोमन लिपीतल्या लेखनातले, बी, डी, जी हे खरे आपले प, त, क आणि पी, टी, के हे फ (फळातला, ओठ मिटून), थ, ख. युरोपातून आलेल्या वर्गमित्रांना हा श्वासाचा फरक पकडायला बराच वेळ लागतो. आपण तो पाटीवर शिकलेलो असतो. तैपेईचा खरा उच्चार 'थाइपेइ' आहे, यात मराठी माणसाला अवघड असं काहीच नाही.

त्याहून मोठा फायदा आपल्या दोन 'च'चा. चाकातला च म्हणजे पिनयिनचा झेड. चिमणीतला च म्हणजे जे, आणि छत्रीतला छ म्हणजे क्यू. चाकातला च श्वास सोडून म्हटला की सी तयार. झेडएच, सीएच आणि एसएच हे मूर्धन्य आहेत, जीभ मागे वळवायची. शाळेत संस्कृतच्या बाईंनी पोटफोड्या ष नीट म्हणून घेतला असेल तर तोच इथे उपयोगी पडतो. वेगळी मेहनत लागते ती ओठांचा चंबू करून म्हणायच्या 'ई'ला आणि त्यांच्या आरला. म्हणून माझं ठाम मत आहे की मराठी विद्यार्थ्याने उच्चाराच्या सरावातला वेळ व्यंजनांवर घालवूच नये. तो सगळा टोनकडे वळवावा.

यासाठी सगळ्यात कामी आली ती बोपोमोफो, म्हणजे इथली ३७ चिन्हांची ध्वनिलिपी. चीनमध्ये १९१८ साली ती अधिकृत झाली. तैवानातली मुलं आजही पहिलीत आधी हीच शिकतात आणि मग कॅरेक्टरकडे वळतात. तिची मांडणी बघून मला फार आनंद झाला: आधी ओठांचे वर्ण, मग दातांचे, मग कंठ्य, तालव्य, मूर्धन्य. आपल्या वर्णमालेचाच विचार, फक्त सुरुवात दुसऱ्या टोकाकडून. परदेशी विद्यार्थी बहुतेक पिनयिनवरच राहतात. पण कंप्युटरवर बोपोमोफो कीबोर्ड लावून बघा. प्रत्येक अक्षरानंतर टोनची कळ दाबावी लागते: पहिल्याला (सपाट) स्पेस, दुसऱ्याला (चढता) ६, तिसऱ्याला (खालचा) ३, चौथ्याला (उतरता) ४. टोन चुकला तर हवं ते कॅरेक्टर यादीत येतच नाही. पिनयिनने टाइप करताना टोन माहीत नसला तरी काम भागतं, आणि तिथेच तो शिकायचा राहून जातो. गृहपाठ, वर्गमित्रांशी गप्पा, वाणसामानाची यादी, सगळं मी आता बोपोमोफोत टाइप करते. नवा शब्द टोनसकट डोक्यात बसायला लागला तो यामुळेच.

दुसरा सराव जोड्यांचा. सुटे टोन सगळ्यांनाच येतात, ते शब्दात एकमेकांना चिकटले की घोळ होतो. चार गुणिले चार म्हणजे सोळा जोड्या, आणि तिसरा-तिसरा हा दुसरा-तिसरा असा ऐकू येत असल्यामुळे कानाला पंधराच. प्रत्येक जोडीचे रोजच्या वापरातले शब्द काढले, लाओशींच्या (शिक्षकांच्या) आवाजात रेकॉर्ड करून घेतले, त्यांच्या मागोमाग म्हणून स्वतःचे रेकॉर्ड केले आणि दोन्ही 'प्राट'मध्ये उघडले. हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि आवाजाच्या पट्टीचा आलेख काढून देतं. तिसऱ्या टोनबद्दलचा सगळा गोंधळ तिथे मिटला. पुस्तकात तो खाली जाऊन वर येणारा दाखवतात, पण लाओशींच्या वाक्यात तो वर येतच नाही. खालीच राहतो आणि पुढच्या अक्षराला जागा देतो. वर वळतो तो वाक्याच्या शेवटी किंवा एकटा म्हटला तरच. 'खालचा टोन' एवढंच मनात धरलं की बोलण्याला वेग येतो.

प्रत्यक्ष सरावासाठी चहाच्या दुकानासारखी जागा नाही. इथे थंड चहा घेताना साखर आणि बर्फ किती ते सांगावं लागतं. कानाला येतं तसं लिहिते: 'पान थांग' म्हणजे अर्धी साखर, चौथा-दुसरा. 'वेइ थांग' म्हणजे किंचित आणि 'वू थांग' म्हणजे अजिबात नाही, दोन्ही दुसरा-दुसरा. बर्फ कमी तर 'षाओ पिंग', तिसरा-पहिला. नको तर 'छ्यू पिंग', चौथा-पहिला. एका ऑर्डरमध्ये दोन जोड्या होतात, मागे रांग असते आणि काउंटरवरची मुलगी समजलं की नाही ते तिथल्या तिथे चेहऱ्यावरून कळवते. मी रोज वेगळं कॉम्बिनेशन मागते.

खरी परीक्षा आकड्यांची. चार म्हणजे 'स', चौथा टोन. दहा म्हणजे 'ष', दुसरा टोन. पण तैवानात बोलताना बरेच जण जीभ वळवत नाहीत, त्यामुळे ष चा सरळ स होतो. मग १४ म्हणजे 'स-स' आणि ४० म्हणजेही 'स-स'. १४ चढून उतरतो, ४० उतरून चढतो, बाकी काही फरक नाही. जेवणाच्या दुकानात नंबर पुकारतात तेव्हा सगळी भिस्त टोनवर असते. शिवाय आपल्या बोलण्यातली एक सवय इथे आड येते. "चौदा?" असं विचारताना मराठीत शेवट वर जातो. इथे तो वर नेला की चाराचा दहा ऐकू येतो. लाओशींनी सांगितलेला उपाय सोपा आहे: आकडा त्याच्या टोनमध्येच पूर्ण म्हणायचा आणि प्रश्नासाठी पुढे 'मा' लावायचा. आता पुकारलेला नंबर मला पहिल्या फटक्यात कळतो. या सत्रातली मला सर्वात आवडलेली प्रगती हीच.

पुण्या-मुंबईत एचएसकेची, म्हणजे चीनच्या मँडरिन परीक्षेची, पुस्तकं वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. काही शब्दांचे टोन इथे वेगळे आहेत. आठवड्याच्या 'शिंगछी'मधला 'छी' तिकडे पहिला, इथे दुसरा. 'किंचित'मधला 'वेइ' तसाच, तिकडे पहिला, इथे दुसरा. फ्रान्सचा 'फा' तिकडे तिसरा, इथे चौथा. दोन्ही बरोबर आहेत. मी अंकी या पाठांतराच्या अ‍ॅपमधल्या कार्डांवर दोन्ही लिहिते, पण बोलताना जिथे राहते तिथलाच वापरते.

इथे यायचा विचार असेल तर तैवानच्या शिक्षण मंत्रालयाची ह्वायू शिष्यवृत्ती जरूर बघा. अर्ज वर्षाच्या सुरुवातीला मागवतात. मुंबईतही २०२४ पासून तैवानचं कार्यालय आहे.

पुढच्या सत्रात 'टॉक्फल' या तैवानच्या मँडरिन परीक्षेच्या बँड बीला, म्हणजे मधल्या पातळीला, बसायचंय. ऐकणं आणि वाचणं, दोन्हींना पन्नास-पन्नास प्रश्न आणि एकेक तास. त्याआधी तीन अक्षरी शब्दांच्या जोड्या लावायच्या आहेत, विशेषतः तीन तिसरे टोन एकापाठोपाठ आले की कुठे तोडायचं ते. कुणी त्याची यादी आधीच केली असेल तर मला हवी आहे. बदल्यात माझी पंधरा जोड्यांची यादी रेकॉर्डिंगसकट देते.